कामाशिवाय सायकल चालवण्यातील समाधान: मोठेपणी ते कसे टिकवावे?

सेलू तालुक्यातील शिक्षिका (प्रश्न)

मी वर्धा जिल्ह्यात, बोर धरणापासून जवळच असलेल्या एका खेड्यात राहते आणि शेजारच्या गावातील शाळेत शिकवते. शालेय वयात सायकल हेच माझे वाहन होते. पुढे नोकरी, संसार आणि स्कूटर आली आणि सायकल सुटली. मुलगी शिकायला नागपूरला गेल्यावर तिची सायकल घरात नुसती उभी होती. गेल्या दिवाळीत मी ती दुरुस्त करून घेतली आणि सकाळी शाळेच्या आधी पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने, फिरायला जाऊ लागले.

गावाबाहेर पडले की आधी कपाशीची आणि तुरीची शेते लागतात, मग नाल्यावरचा रपटा (बुटका पूल), आणि त्यापलीकडे चढावर पळस व साग यांचा विरळ पट्टा. याच वाटेने मी स्कूटरवरून कितीतरी वेळा गेले आहे. परंतु तूर फुलावर आली की तिच्यावर मधमाश्यांचा केवढा गुंजारव असतो, हे मला या हिवाळ्यात प्रथम कळले. रपटा ओलांडेपर्यंत शाळेची कामे, घरचे हिशेब, सासूबाईंची औषधे हे सारे डोक्यात घोळत असते. पुढे चढ लागला की ते विचार येत राहतात, पण टोचत नाहीत. त्या दिवशी वर्गात माझा आवाज चढत नाही, आणि हे मुलांच्याही लक्षात आले आहे.

माझ्या शाळेतील मुली शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर येतात आणि त्याचे गावात कोणालाच नवल वाटत नाही. चाळिशी ओलांडलेली बाई मात्र कामाशिवाय सायकलवर दिसली की लोक थांबवून विचारतात, "बाई, गाडी बिघडली का?" ते आपुलकीनेच विचारतात, तरी दरवेळी थांबून उत्तर देताना लागलेली लय तुटते.

आपल्यापैकी जे मोठेपणी पुन्हा सायकलकडे वळले, त्यांना मला विचारायचे आहे की ही शांतता केवळ नवेपणाची असते की पुढेही राहते. ती राहावी म्हणून दूरदूरचे रस्ते शोधावेत, की हीच वाट धरून ठेवावी? आणि वैशाखातील ऊन व पावसाळ्यातील चिखल यांत आपण काय करता?

भंडारा जिल्ह्यातील वाचक

ताई, शांतता राहते. मी पन्नाशीच्या आसपास पुन्हा सायकल हाती घेतली आणि आजही ती मला तशीच लाभते, म्हणून हे खात्रीने लिहीत आहे.

तिच्या मुळाशी वेग आहे, असे मला वाटते. कच्च्या रस्त्यावर सावकाश चालवली तर सायकल ताशी 10 ते 12 किलोमीटर जाते. पायी निघालेला माणूस अर्ध्या तासात गावाची शीव जेमतेम ओलांडतो आणि मोटारसायकलवरच्या माणसाला इंजिनाखेरीज काही ऐकू येत नाही. सायकलस्वार मात्र त्याच अर्ध्या तासात शेत, नाला आणि रान असे सगळे पार करतो, आणि तरीही टिटवी कोणत्या बाजूला ओरडली हे त्याला सांगता येते. शिवाय पाय एका लयीत फिरत असतात, श्वास त्यांच्या मागोमाग चालतो, हातांना आणि डोळ्यांना रस्ता सांभाळायचा असतो. मनाला रिकामे बसू न देणारे, पण दमवूनही न टाकणारे एवढे काम असले की काळजीला घर करायला जागा उरत नाही. जपमाळेचे मणी ओढताना जे घडते, त्याच जातीचे हे काहीतरी असावे.

वाट बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे पूर्वी कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत, ज्यांना आज सगळे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. मी वर्षभर अशाच एका तलावाच्या पाळीवरून जातो. पावसाळ्यात पाळीखालच्या बांध्यांमध्ये रोवणी चालू असते, दिवाळीच्या सुमारास धान पिवळे पडते, ढीवर बांधव डोंग्यातून शिंगाडे काढतात आणि थंडीत चक्रवाकांच्या जोड्या उतरतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते आणि गाळावर बगळे उभे राहतात. रोज नवा रस्ता घेतला असता तर यातले काही मला दिसलेच नसते, कारण बदल ओळखायला कालचे चित्र मनात असावे लागते. आपल्याला तुरीवरच्या मधमाश्या ऐकू आल्या. आता फाल्गुनात त्याच वाटेवरचे पळस पाहा. मृगाच्या आधी पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" असे ओरडू लागेल, तेव्हा शेतकरी वखरणी संपवत आले असतील. हे सगळे एका वाटेवर घडते.

लोकांच्या प्रश्नाला "फिरायला निघाले" एवढेच चालत्या सायकलवरून हसून सांगावे. एक हंगाम गेला की गाव विचारणे सोडून देते आणि नमस्कार करू लागते.

परतवाडा येथून

वरील काकांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. रोजची वाट हवीच. परंतु वर्षातून एखादे वेळी मोठा चढ चढण्यातही एक निराळी शांतता आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंची गाठावी लागते. घाटात हलका गिअर घेऊन वळणामागून वळण संथपणे चढत राहिले की बोलणे थांबते, पुढचा विचार थांबतो आणि पुढच्या वळणापुरतेच जग उरते. गरज वाटली तेथे सायकल हातात धरून चालावे, त्यात काहीही कमीपणा नाही. उतारावर मात्र दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत यावे. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

चंद्रपूर जिल्हा, वनविभागातून निवृत्त

ताई, आपल्या वाटेवर सागाचा पट्टा आहे आणि बोर व्याघ्र प्रकल्प जवळ आहे, म्हणून हे विस्ताराने लिहितो. आमच्या भागात वाघाने माणसांवर केलेले हल्ले मी नोकरीत असताना जवळून पाहिले आहेत आणि निष्काळजीपणामुळे आपल्या आनंदाला गालबोट लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहाटेचा अंधुक प्रकाश आणि तिन्हीसांजेची वेळ जनावरांची असते. झाडीच्या पट्ट्यात सूर्य चांगला वर आल्यावरच जावे आणि एकटीने जाऊ नये. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात; ती वेचायला माणसे येतात आणि खायला अस्वलेही येतात. अस्वल अचानक समोर आलेल्या माणसावर चाल करून जाते, त्यामुळे त्या दिवसांत मोहाच्या झाडांखालची वाट टाळलेली बरी. कानात इअरफोन नसावा, आणि वळणावर घंटी वाजवावी, कारण सायकलचा आवाज होत नाही आणि जनावराला आपली चाहूल लागत नाही. वाटेत खाली वाकून किंवा बसून काही वेचू नये. बसलेला माणूस वाघ-बिबट्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो. शेतांच्या बाजूने रोही (नीलगायी) आणि रानडुकरे एकदम आडवी येतात, तेव्हा उतारावर वेग आवरून ठेवावा. सायकल कुंपणाला टेकवण्यापूर्वी त्याला झटका मशीनची, म्हणजे जनावरे रोखायला वीज सोडलेली, तार नाही ना, हे पाहावे.

उन्हाळ्यात यामुळे अडचण होते, कारण ऊन चुकवायचे तर साडेपाचलाच निघावे लागते आणि तीच वेळ जंगलात जाण्याची नसते. मार्ग साधा आहे: चैत्रापासून मृगापर्यंत रपट्यापाशीच वळावे आणि मोकळ्या शेतांमधूनच फिरावे. डोक्याला ओला दुपट्टा बांधावा, निघण्याआधी पाणी प्यावे आणि सातच्या आत घरी यावे. आपल्याकडे पारा 45 अंशांपुढे जातो. उन्हात शौर्य दाखवणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे होय.

हिंगणघाट परिसरातील सायकल कारागीर

बाई, मुलीची सायकल आपल्याला बरोबर बसते का, हे आधी तपासा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना गुडघा जवळपास सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते आणि मग लोक समजतात की वय झाले. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ मोठ्या माणसांचे दुखणे पाना फिरवून सीट वर केल्यावर कमी झाले आहे.

पावसाळ्याविषयी सांगायचे तर काळ्या मातीशी झगडू नये. ती पाणी पिऊन फुगते, टायरला चिकटते आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरायचे थांबते. रेटून चालवले तर चेन तुटते. त्या दोन-तीन महिन्यांत मुरमाचा किंवा डांबरी रस्ता घ्यावा आणि पांदण वाळली की परत तिकडे वळावे. चेन ओली झाली तर आधी फडक्याने पुसावी आणि मगच तेल द्यावे, कारण मातीवर तेल पडले की ते घासून चेनच्या चक्रांचे दात झिजवते. बाभळीच्या काट्यांसाठी जवळ जादा ट्यूब, पंप आणि पाना ठेवावा.

सेलू तालुक्यातील शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. सीट खरोखरच खाली होती. आज ती वर करून घेतली. मोहाच्या दिवसांत अस्वलांचा धोका एवढा असतो, हे मी विचारात घेतले नव्हते, त्यामुळे आता रपट्यापाशीच वळेन. एक गोष्ट राहिली: आठवी-नववीच्या काही मुली रविवारी माझ्याबरोबर येऊ का, असे विचारत आहेत. त्यांना घेतले तर माझी शांतता जाईल का, या विचारात आहे.

भंडारा जिल्ह्यातील वाचक

अवश्य न्यावे, ताई. आठवड्याच्या इतर सकाळी आपल्या एकटीच्या राहू द्या आणि रविवार त्यांचा ठेवा. पालकांना आधी विचारून घ्यावे, मुलींना एकामागोमाग एक चालवायला सांगावे, आणि फेरी रपट्यापर्यंतच ठेवावी. जाताना शक्य तितके शांत राहून वाटेत काय ऐकू आले, ते थांबल्यावर एकमेकांना सांगायचे, एवढा एकच नियम मी माझ्या नातवंडांसाठी केला आहे. तो ती आनंदाने पाळतात, आणि मला ऐकू न आलेले पक्षी मला त्यांच्याकडून कळतात.