अनुभव धागा: आशियाई घरगुती जेवण, आपल्याच फडताळातल्या जिन्नसांतून

माजघर (पुणे)

आज सकाळी मंडईतून आणलेली कोथिंबिरीची जुडी निवडायला बसले आणि सवयीप्रमाणे मुळे कापून टाकणार, इतक्यात हात थांबला. पंचवीसएक वर्षांपूर्वी यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षे बँकॉकला होतो. तिथे मी अशीच मुळे टाकत असताना आमच्या घरमालकीणबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी माझे मनगट धरले, ती मुळे उचलून नळाखाली स्वच्छ धुतली आणि माझ्याच खलबत्त्यात लसूण व मिऱ्यांबरोबर कुटून दाखवली. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा फारशी येत नव्हती, पण वास सुटल्यावर मी मान डोलावली आणि त्यांचा चेहरा खुलला, हे अजून आठवते. थाई स्वयंपाकात या तिघांना ‘तीन मित्र’ म्हणतात, हे मला पुढे कळले. कोबी, अळंबी आणि टोफू घातलेल्या पातळ सारातही हेच वाटण असते आणि भाजायच्या कोंबडीला लावायलाही हेच.

त्यांच्याकडून शिकलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आपल्याकडे नारळाचे पहिले, जाड दूध अगदी शेवटी घालतात आणि ते फुटू नये म्हणून आच मंद ठेवतात. त्या मात्र तेच जाड दूध आधी कढईत घालून, कडेने तेल सुटेपर्यंत मुद्दाम फोडत आणि त्या तेलातच मिरचीचे वाटण परतत. पातळ दूध नंतर घालत. खोक्यातले दूध असे सहजी फुटत नाही, कारण ते एकजीव राहावे म्हणून बहुतेकदा त्यात काही ना काही मिसळलेले असते. घरी नारळ खवून, पिळून काढलेले दूध मात्र हमखास फुटते. त्या दिवसापासून मला परक्या बाटल्यांपेक्षा परकी रीत शिकण्याची ओढ लागली, ती आजतागायत आहे.

आपल्यापैकी अनेकजण कामानिमित्त आशियातल्या निरनिराळ्या देशांत राहिले आहेत. वाण्याकडे, भाजीवालीकडे किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या जिन्नसांतून तिथले घरचे जेवण आपण कसे केलेत, ते कृपया लिहावे. बिघडले असेल तर तेही लिहावे आणि का बिघडले हे आवर्जून सांगावे.

उंबरठा (नागपूर)

डबा भरता भरता लिहीत आहे. शांघायमध्ये दोन वर्षे होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलींकडून टोमॅटो-अंडे शिकले. चीनमधली मुले बहुधा सर्वांत आधी हाच पदार्थ करायला शिकतात. अंडी फेटून, मीठ घालून, भरपूर गरम तेलात जेमतेम बांधली जाईपर्यंतच परतायची आणि बाहेर काढून ठेवायची. त्याच कढईत टोमॅटो, मीठ व चिमूटभर साखर घालून रस सुटू द्यायचा आणि मग अंडी परत सोडायची. आपल्या भुर्जीसारखे सगळे एकत्र शिजवले तर अंडी रबरासारखी होतात. मी पहिले सहा महिने तसेच करत होते. हळद नाही, तिखट नाही. आमच्या घरात मसाल्याशिवाय पान हलत नाही, तरीही आठवड्यातून एकदा हे मागून खाल्ले जाते.

सुरंगी (फोंडा)

माजघरताई, नारळाच्या दुधाचे वाचून मन भरून आले, कारण माझ्या आजीने दूध फुटले म्हणून मला एकदा चांगलेच सुनावले होते.

माझा अनुभव तिरफळांचा आहे. चिनी जेवणात जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी वापरतात. ती आणि आपली तिरफळे एकाच कुळातली, एकाच प्रजातिसमूहातली चुलतभावंडे आहेत, हे मला कळले तेव्हा आमच्या घरी बांगड्याच्या आमटीसाठी ठेवलेली अर्धी बरणी तिरफळे होती. दोन्हींची रीतही सारखीच आहे: काळी बी फेकायची आणि वापरायचे ते टरफल. मी सिचुआन पद्धतीची बटाट्याची भाजी त्यात करून पाहिली. बटाटे काडीसारखे बारीक चिरून, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा धुऊन घ्यायचे, म्हणजे त्यांचा स्टार्च निघून जातो. तेलात पाच-सहा तिरफळे परतून काढून घ्यायची, मग सुक्या मिरच्या, लसूण आणि निथळलेला बटाटा घालून मोठ्या आचेवर तीनच मिनिटे हलवायचे आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर घालायचे. बटाटा किंचित करकरीत राहतो आणि तसाच राहायला हवा. सासूबाईंना तो कच्चा वाटला. त्यांनी स्वतःपुरता पुन्हा शिजवून घेतला. त्यांची सवय निराळी आहे, हे मी मान्य करते. तिरफळांचा वास सिचुआन मिरीपेक्षा संत्र्याच्या सालीकडे अधिक झुकतो, त्यामुळे चव तंतोतंत तीच येत नाही, पण मुंग्या येतात आणि बटाट्याशी ती शोभून दिसते.

पाटावरवंटा (ठाणे)

सुरंगी, तिरफळ म्हणजेच त्रिफळा का? आमच्याकडे त्रिफळा चूर्ण आहे.

सुरंगी (फोंडा)

नाही, कृपया ते घालू नका! त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. तिरफळ हे वेगळ्याच काटेरी झाडाचे फळ आहे. ठाण्यात मालवणी मसाले विकणाऱ्या दुकानात विचारून पाहावे.

सह्यकडा (नाशिक)

विषयाला धरूनच, पण थोडा विरोधी सूर लावतो. ‘हे नसले तर ते चालते’ या वृत्तीने मी अनेक वर्षे वाईट थाई सार केले. कुलिंजनाच्या जागी आले घातले की पदार्थ आल्याच्या चहाकडे जातो, कारण दोन्ही एका कुळातली असली तरी कुलिंजनाचा वास कापरासारखा, रानटी असतो. शेवटी एका गायक मित्राच्या खिशात उत्तर सापडले. गवई आवाजासाठी तोंडात धरतात तेच कुलिंजन काष्ठौषधीवाल्याकडे सुके मिळते. त्याचे तुकडे कोमट पाण्यात भिजवून सारात उकळावेत आणि खाताना बाजूला काढावेत. गवती चहाचेही तसेच आहे. आपण चहात पाती घालतो, पण थाई लोक बुंध्याचा पांढरा, जाड भाग वापरतात. कुंडीतला गवती चहा पातीपुरता न कापता एखादे ठोंब मुळाशी उपटले की तो भाग मिळतो. थाई सारात पडणाऱ्या मक्रूत जातीच्या लिंबाच्या पानांना मात्र मला खरा पर्याय सापडलेला नाही. कागदी लिंबाची कोवळी पाने त्या दिशेने जातात, पण पोहोचत नाहीत.

माजघर (पुणे)

सह्यकडा, आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आल्याला कुलिंजन म्हणू नये. जो जिन्नस नाही तो गाळावा आणि उरलेल्या जिन्नसांशी प्रामाणिक राहावे, असे माझे मत बनले आहे.

वाळवण (सोलापूर)

आमच्याकडे किमची आता घरचीच झाली आहे. मुलगी सोलला शिकायला गेली आणि शिकून आली ती मुख्यतः हेच. चिनी कोबी इथे मिळत नाही, पण साध्या गड्डा कोबीची किमची कोरियातही करतात, त्यामुळे संकोचाचे कारण नाही. कोबी चिरून, मीठ चोळून दोन तास ठेवायचा, धुऊन निथळायचा आणि तांदळाच्या पिठीची पातळ खळ शिजवून, गार करून त्यात लसूण, आले, पातीचा कांदा व तिखट कालवून कोबीला माखायचे. तिखटासाठी ब्याडगी मिरचीच्या बिया काढून ती जाडसर भरडते. रंग भरपूर येतो आणि जाळ कमी असतो. आम्ही मासळीची चटणी घालत नाही. कोरियातल्या बौद्ध मठांतली किमचीही तिच्याविनाच असते, आणि तिथे तर लसूण-कांदाही वर्ज्य आहे.

चूक सांगते. एप्रिलमध्ये बरणी काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ओट्यावर दोन दिवस ठेवली. मुलगी थंड देशातले वेळापत्रक सांगत होती आणि आमच्याकडे पारा चाळिशीपार होता. झाकण उघडताच निम्मा रस भिंतीवर गेला आणि कोबी आंबट ढोण झाला. आता बरणी पाऊणच भरते आणि उन्हाळ्यात एका दिवसातच फ्रिजमध्ये ठेवते. तो आंबलेला कोबीही मी टाकला नाही. त्यात डाळीचे पीठ कालवून धिरडी केली आणि ती ताज्या किमचीहून अधिक खपली.

कोरियात हिवाळ्यापूर्वी सगळे घर, शेजारपाजार मिळून किमची घालतात. त्या प्रथेला युनेस्कोने २०१३ साली वारशाच्या यादीत घेतले. मुलगी त्याचे वर्णन करत होती तेव्हा मला आमच्या वाड्यातल्या गच्चीवरचे कुरडयांचे दिवस डोळ्यांपुढे दिसत होते.

शेतशिवार (वाशीम)

आमच्या भागात खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन असते, ते सगळे बाजार समितीत जाते आणि घरात खायला एक दाणा राहत नाही, याची मला फार खंत वाटते. मी तीन वर्षांपासून घरी टोफू करतो. पावशेर सोयाबीन रात्रभर भिजवून, सुमारे दोन लिटर पाणी घालून मिक्सरवर वाटायचे आणि फडक्यातून गाळायचे. ते दूध सतत हलवत, उकळी आल्यावर किमान १० मिनिटे शिजवायचे. हे टाळू नये, कारण कच्चे सोयाबीन पचनाला बाधते आणि त्याचा हिरवट वासही जात नाही. नंतर आच बंद करून लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घालायचा, फाटले की पनीरासारखे दाबून ठेवायचे. उरलेला चोथा थालीपिठात जातो. हे सगळे केल्यावर घरच्यांनी ‘याला चव नाही’ म्हटले तेव्हा वाईट वाटले होते, पण नंतर कळले की तो चव घेणारा पदार्थ आहे, देणारा नाही.

खारावारा (दुबई)

वाळवणताई, भिंतीचे वाचून वाईट वाटले, पण धिरडी नक्की करणार.

घाईत लिहीत आहे, कामाची पाळी सुरू व्हायला वीस मिनिटे आहेत. माझ्या खोलीत फिलिपिनो सहकारी होती. तिचे अडोबो म्हणजे कोंबडी, भरपूर ठेचलेला लसूण, अख्खे मिरे, तमालपत्र, सोया सॉस आणि व्हिनेगर, एवढेच. व्हिनेगर घातल्यावर उकळी येऊन त्याचा उग्रपणा जाईपर्यंत ती डाव लावू देत नसे. तिच्याकडे माडाच्या सुरेचे व्हिनेगर असे. मी सुट्टीवरून येताना गोव्याहून तसेच नेले, तर वास घेऊन ती म्हणाली की हे तिच्या आईच्या घरचेच आहे. तमालपत्राबाबत एक सूचना द्यावीशी वाटते. त्यांचे पान आणि आपले पान वेगवेगळ्या झाडांचे आहे आणि आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो, म्हणून एकच घालावे.

सुरंगी (फोंडा)

खारावारा, आमच्या विंदालूचे नावही पोर्तुगीज भाषेतल्या द्राक्षारस आणि लसूण या शब्दांवरून आले आहे. अडोबो हे नाव स्पॅनिश आहे. शेजारच्या दोन राजवटींनी दूरच्या दोन किनाऱ्यांवर जवळजवळ सारखाच वास ठेवला आहे, असे म्हणावे लागेल.

पारिजात (ओसाका)

इथे येऊन चौथ्याच महिन्यात मी तापाने अंथरुणाला खिळले. शेजारच्या आजींनी दारात मातीचे झाकणाचे भांडे आणून ठेवले. उघडून पाहिले तर मऊ भाताची पेज आणि वर एक खारवलेले आंबट फळ. त्या भाताला ओकायु म्हणतात आणि त्या फळाला उमेबोशी. रत्नागिरीला आई पेजेबरोबर लिंबाच्या लोणच्याची फोड द्यायची. मी भांडे मांडीवर घेऊन बराच वेळ रडले आणि मग सगळे संपवले.

आता सुट्टीवर गेले की मी आईला ओकायु करून घालते. एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी, अगदी मंद आच, आणि ढवळायचे नाही; आपण पेज घोटतो, त्यांना दाणा अखंड हवा असतो. चिकट तांदळासाठी इंद्रायणी उत्तम आहे, त्याचे ओनिगिरीचे गोळेही हाताला मीठ-पाणी लावून छान वळतात. बासमतीचे कधीही वळणार नाहीत. शाकाहारी दाशीसाठी, म्हणजे जपानी सारांच्या मूळ पाण्यासाठी, मी सुकी शिताके अळंबी रात्रभर गार पाण्यात भिजवते. ती नेहमीच्या वाण्याकडे मिळत नाहीत, हे खरे, पण मूठभर अळंबी वर्षभर टिकतात. कोंबू या समुद्री शेवाळातली चव ग्लुटामेटची आहे, हे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधले. पिकलेल्या टोमॅटोतही ते भरपूर असते. आईच्या टोमॅटोच्या साराला इथल्या आजींनी ‘उमामी’, म्हणजे याच चवीचे जपानी नाव, म्हटले, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

पारिजात, गाववाल्यांचा उल्लेख वाचून आनंद झाला. आमच्या गावात ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. १८८५ साली राज्य गेले आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. मी त्या राजवाड्याच्या अंगणात खेळून मोठा झालो, पण त्याच्या देशातली माणसे काय जेवतात, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. इन्ले तळ्याजवळच्या बाजारात पिवळ्या वड्यांचे ढीग पाहिले तेव्हा मी पत्नीला म्हणालो, हे तर थापीव पिठले आहे. तो ब्रह्मदेशातल्या शान लोकांचा टोफू होता आणि त्यात सोयाबीनचा अंशही नव्हता. निव्वळ हरभऱ्याचे पीठ, हळद, मीठ आणि पाणी.

एक वाटी बेसन दीड वाटी पाण्यात गुठळ्या न होता कालवावे, दीड वाटी उकळत्या पाण्यात ओतून सात-आठ मिनिटे जोराने घोटावे आणि तेल लावलेल्या डब्यात ओतून गार करावे. पिठल्यासारखी फोडणी आधी द्यायची नाही. गार झाल्यावर पातळ काप करून त्यांवर चिंचेचा कोळ, सोया सॉस, तळलेल्या लसणाचे तेल, दाण्याचे कूट आणि कोथिंबीर घालावी.

उंबरठा (नागपूर)

रत्नदुर्ग, दुपारी वाचले आणि लगेच केले. दोन तास झाले तरी मध्यभागी ओले आहे, काप होत नाहीत. काय चुकले असावे?

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

घोटणे कमी पडले असावे. चमचा ओढल्यावर मागे चर राहिला पाहिजे. पण टाकू नका. शान लोक हेच न बांधलेले, गरम आणि दाट असतानाच भाताच्या शेवयांवर ओततात, वर दाण्याचे कूट आणि लसणाचे तेल घालतात आणि सकाळी न्याहारीला खातात. आमच्याकडचे शिरवाळे त्याला अगदी योग्य आहेत.

उंबरठा (नागपूर)

शिरवाळे इथे नाहीत, पण तांदळाच्या शेवया आहेत. पातेले पुन्हा गॅसवर ठेवले आहे.