आधी हीलिंग की थेट ध्येय? (सबलिमिनल ऑडिओ)

तिरकस (धागाकर्ता):
सबलिमिनल ट्रॅक म्हणजे लाटा-पावसाच्या आवाजाखाली ऐकू न येतील अशी दडवलेली वाक्यं; 'हीलिंग'चे ट्रॅक मनाच्या जुन्या जखमा भरायला, ध्येयाचे एखादं उद्दिष्ट गाठायला. परवा एका धाग्यावर एकाने छातीठोकपणे लिहिलं, की जुन्या जखमा भरल्याशिवाय ध्येयाचे ट्रॅक ऐकायचेच नाहीत, नाहीतर आतून विरोध होतो आणि सगळं उलटतं. खाली 'अगदी अगदी'ची रांग. तिथे चार ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा प्रपंच.

हीलिंग झालं हे ठरवणार कोण? ध्येयाच्या ट्रॅकचा परिणाम निदान दिसतो तरी. रोज लिहायला बसेन म्हणालात, तर बसलात की नाही ते घरच्यांनाही कळतं. हीलिंगमध्ये रडू आलं तर 'काम चालू आहे', प्रसन्न वाटलं तर 'काम चालू आहे', काहीच झालं नाही तर 'खोलवर चालू आहे'. नापास व्हायची सोयच नाही! आणि पहिला टप्पा संपत आला की विकणाऱ्याकडे दुसरा तयारच असतो. माझा एक मित्र अजून 'पाया भरतोय'. नोकरीचा अर्ज मात्र करत नाही.

मनकवडी:
मित्राचा आळस हीलिंगच्या नावावर खपवू नका. मी आधी तुमचंच ऐकलं असतं तसं केलं, थेट आत्मविश्वासाचा ट्रॅक लावला. परिणाम? सतत चिडचिड. 'मी समर्थ आहे' म्हटलं की आतून कोणीतरी 'हो का?' म्हणायचं. मग हीलिंगकडे वळले. खूप रडले, पण भावाशी तुटलेलं बोलणं सुरू झालं. याला मोजपट्टी लावा बघू.

शंकासुर:
सबलिमिनल ट्रॅकमधलं वाक्य मुळात ऐकूच येत नाही, मग त्याला 'हो का?' म्हणणारा हा कोण? की ट्रॅकमधल्या वाक्यांची यादी आधी वाचली होतीत?

आणि दोघांनाही: १९९१ साली ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बाजारातल्याच सबलिमिनल कॅसेट, काही स्मरणशक्तीच्या, काही आत्मसन्मानाच्या. निम्म्या लोकांना लेबलं अदलाबदल करून दिली. महिनाभर रोज ऐकल्यावर मोजलं, तर आतल्या मजकुराचा काही परिणाम नाही. पण एक तृतीयांशाहून जास्त लोकांना सुधारणा वाटली, तीही लेबलावर जे लिहिलं होतं त्यातच. म्हणजे उद्या कोणी तुमच्या फायलींची नावं बदलली तरी हा धागा असाच चालेल.

नादलुब्ध:
कॅसेटच्या जमान्यातले दाखले पुरे. आता सायलेंट तंत्र आहे, आवाज श्रवणमर्यादेच्या टोकाला नेतात. लाटांच्या नाहीतर पावसाच्या आवाजाखाली पुटपुटलेली वाक्यं वेगळी. फक्त फ्लॅक फाइल हवी, म्हणजे आवाजातलं काही न छाटता साठवलेली. एमपीथ्रीवर ऐकणाऱ्यांनी मतं देऊ नयेत.

शंकासुर:
हे 'आता'चं तंत्र म्हणजे १९९२ चं अमेरिकन पेटंट, हो. साधारण १४,५०० ते १७,५०० हर्ट्झच्या लहरीवर शब्द चढवायचे. वय वाढतं तसं कानाला वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. कानानेच जे पकडलं नाही ते मेंदूपर्यंत कुरियरने जातं का?

नादलुब्ध:
कान म्हणजेच सगळं नव्हे. अनुभव घेतल्याशिवाय बोलणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय.

शंकासुर:
मला फ्लॅकचा आलाय. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचं बहुतेक वेळा छाटलं जातं. इतकं खरंच बोललात. मग दबलेल्या फायलींवर सायलेंट ऐकून ज्यांचं आयुष्य बदललं, त्यांनी नक्की काय ऐकलं?

नादलुब्ध:
पूर्ण बँड पोचवणारे हेडफोन कुठले आहेत तुमच्याकडे?

तिरकस:
हेडफोनसाठी वेगळा धागा काढा रे. शंकासुर, तुमचं अर्धवट आहे. २००६ च्या एका प्रयोगात पडद्यावर क्षणभर शीतपेयाचं नाव चमकवलं, तेव्हा तहानलेल्यांनी तेच पेय जास्त निवडलं. तहान नसलेल्यांवर परिणाम नाही. म्हणजे इच्छा आधीच असेल तर ढकलता येतं. हे ध्येयाच्या बाजूने झालं की नाही?

शंकासुर:
डोळ्यांसमोर एक शब्द, आणि लगेच पेय निवडायचं. त्यावरून झोपेत ऐकलेल्या हजारो वाक्यांनी करिअर घडतं म्हणायचं? बाकी 'आधीच इच्छा हवी' हे मान्य. मग ट्रॅक कशाला, हेही मान्य करा.

मनकवडी:
तुम्हा दोघांना जिंकायचं आहे फक्त. माझं रडणं काय लेबलामुळे होतं? त्या काळात मी आठवड्याला समुपदेशकाकडे जात होते, त्यांनीही फरक टिपला होता.

तिरकस:
समुपदेशक! हे आत्ता सांगताय? भावाशी बोलणं सुरू झालं त्याचं श्रेय पावसाच्या आवाजाला, आणि समोर बसून ऐकून घेणाऱ्या माणसाला काहीच नाही?

मनकवडी:
दोन्हींचं मिळून झालं. आणि ट्रॅकमुळेच तिथे जायचं धाडस आलं, हे तुम्हाला कळणार नाही. तुमचा 'रोज लिहायला बसतो' ट्रॅक चालला का, ते सांगा आधी.

तिरकस:
चालला. लिहायची वेळ आणि जागा ठरवली होती, हे खरं आहे. फोनही दुसऱ्या खोलीत ठेवत होतो. हसा.

शंकासुर:
हसत नाही, सोय सुचवतो. घरातल्या कोणालातरी सांगून दोन्ही फायलींना 'अ' आणि 'ब' नावं द्यायला लावा. यादी वाचायची नाही. महिनाभर एकच ऐका आणि मग ओळखा, हीलिंग होतं की ध्येय.

तिरकस:
मी तयार आहे. मनकवडी?

मनकवडी:
माझ्या फायलींना कोणी हात लावायचा नाही.

नादलुब्ध:
नाव बदला, पण फॉरमॅट बदलू नका.