मदत हवी आहे: लेकीला सिव्हिल हवं, बाबाला कॉम्प्युटर, आणि ऑप्शन फॉर्मला चार दिवस उरलेत

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा (सरकारी केंद्रीभूत प्रवेशफेरीचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने यादी, कन्फर्म करायला चार दिवस राहिलेत आणि घरात तीन माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. घाईत लिहिते आहे, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो, एलबीएस मार्गाला लागून. लेक यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला पीसीएममध्ये ९७.४ पर्सेंटाइल. जेईई मेनचा विषय आम्ही बंद केलाय, त्यात हाताशी लागण्यासारखं काही नाही. ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, नॉन-क्रीमी लेयर आणि जातवैधता दोन्ही हातात आहेत. कागदांची धावपळ माझ्याकडे होती, ती मी अकरावीतच उरकली.

तिला सिव्हिल हवंय. हे खूळ आजचं नाही. खिडकीसमोर मेट्रो ४ चं काम सुरू झालं तेव्हापासून ती ते बघते आहे. रात्री रस्ता अडवून गर्डर चढवायचे, आम्ही आवाजाने वैतागायचो आणि ही खिडकीला चिकटलेली. ओतलेल्या कॉंक्रीटवर ओलं गोणपाट का टाकतात हे तिने मला दहावीत असताना समजावून सांगितलं होतं. तिची यादी तयार आहे: पहिलं माटुंग्याच्या व्हीजेटीआयचं सिव्हिल, दुसरं अंधेरीचं सरदार पटेलचं सिव्हिल, मग ठाणे-नवी मुंबईकडची कॉलेजं, तिथेही आधी सिव्हिल. मागच्या वर्षीच्या कटऑफ पाहता पहिलंच मिळेल असं वाटतं.

नवऱ्याला कॉम्प्युटर हवंय. नाहीतर आयटी, नाहीतर एआय-डेटा सायन्स. कॉलेज कुठलंही चालेल, पण सिव्हिल नको. परवा रात्री आम्ही झोपल्यावर त्याने लॉगिन करून अख्खी यादी फिरवली. पासवर्ड त्याच्याकडे होता, कारण नोंदणी त्यानेच केली होती. वीस-बावीस पर्याय कॉम्प्युटर-आयटीचे वर आणि व्हीजेटीआय सिव्हिल पार खाली. सकाळी लेकीने पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. यादी परत होती तशी केली, पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. फॉर्म अजून कन्फर्म केलेला नाही, एवढंच काय ते बरं.

त्यात आणखी एक. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाची परीक्षा तिने मैत्रिणीसोबत सहज दिली होती. त्यांचं ऑफर लेटर आलंय. कॉम्प्युटर विथ एआय, सोबत थोडी 'स्कॉलरशिप', आणि ७२ तासांत पन्नास हजार भरून सीट धरून ठेवा म्हणतात. रोज दोनदा फोन येतो. नवरा म्हणतो भरून टाकू, हातात एक तरी असू दे.

मला विचारायचंय ते असं. पहिल्या राउंडमध्ये पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर ऑटो-फ्रीझ होतो, म्हणजे तीच सीट आपोआप पक्की होते, आणि मग दार बंद, असं ऐकलंय. मग व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर, जे तिला या पर्सेंटाइलला मिळणारच नाही, ते एक नंबरवर टाकून थोडा वेळ काढता येईल का? त्या अवधीत घरातलं वातावरण निवळेल असं मला वाटतं. दुसरं, ते पन्नास हजार भरावेत का? आणि सिव्हिल केलेल्या मुली इथे असतील तर कृपया खरं काय ते सांगा. लेकीची बाजू घ्यावीशी वाटते, पण नवऱ्याला खोटंही पाडता येत नाही. त्याने स्वतः सिव्हिलचा डिप्लोमा केलाय.

— भांडुपची आई

प्रतिसाद १ — गणिताचे सर

ताई, आधी नियमाचं सांगतो. २०२५ च्या प्रवेशात चार कॅप राउंड होते. पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला की ऑटो-फ्रीझ. दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी कुठलाही. चौथ्याला जे मिळेल ते अंतिम. ऑटो-फ्रीझ झालेली सीट घेतली नाही तर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असेल, त्यात हे पान काढून तिघांनी एकत्र वाचा.

तुमची युक्ती तांत्रिकदृष्ट्या चालते. वाटप मेरिटनुसार होतं आणि संगणक तुमच्या यादीत वरून खाली उतरत जातो. न मिळणारा पर्याय वर टाकल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. मग व्हीजेटीआय सिव्हिल दोन नंबरवरून मिळेल, तुम्ही बेटरमेंट निवडाल, म्हणजे ती सीट धरून वरच्या पर्यायाची वाट पाहाल, आणि हातची सीट राहीलही. पण हे दार कोणासाठी उघडं ठेवताय? लेकीला त्यातून कुठे जायचंच नाही. दुसऱ्या राउंडला तोच वाद नव्याने होईल, आणि तेव्हा वरती एखादं मिळण्याजोगं कॉम्प्युटर घुसवलं गेलं आणि तेच लागलं तर व्हीजेटीआयची सीट आपोआप रद्द होईल. ती परत मागता येत नाही. माझ्या क्लासमधल्या एका मुलाचं असं झालंय, म्हणून कळकळीने सांगतो.

पन्नास हजार भरू नका. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा, आणि खासगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे त्या पत्रातली स्कॉलरशिप वजा करूनही चार वर्षांत किती लाखांचा फरक पडतो, ते कागदावर मांडून नवऱ्यासमोर ठेवा. आणि काहीही झालं तरी मूळ एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) त्यांच्याकडे देऊ नका. कॅपचा प्रवेश पक्का करताना तीच मागतात.

अजून एक. अंधेरीला भवन्सच्या एकाच आवारात सरदार पटेल नावाची दोन कॉलेजं आहेत. सिव्हिल आहे ते सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. शेजारचं इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी वेगळं. नावावर जाऊ नका, चॉइस कोड (त्या कॉलेजच्या त्या शाखेचा क्रमांक) जुळवून बघा.

प्रतिसाद २ — साइटवाली

सिव्हिल करून चौदा वर्षं झाली. पहिली पाच साइटवर, आता स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये. खरं सांगा म्हणालात, म्हणून सांगते.

सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा बराच कमी होता, आणि तो फरक भरून यायला मला आठ-नऊ वर्षं लागली. पहिल्या साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. मी दिवसभर पाणी कमी प्यायचे आणि त्यातून आजारी पडले. रात्रीचं कॉंक्रीटिंग असलं की घरी यायला पहाट व्हायची, आई दारात उभी असायची. मोठ्या प्रकल्पांवर हे आता खूप सुधारलंय. लहान बिल्डरांकडे अजूनही नशिबावर आहे.

पण सिव्हिल म्हणजे फक्त साइट नाही. डिझाइन, प्लॅनिंग, क्वांटिटी, जिओटेक, पाणीपुरवठा, कितीतरी आहे. गेटची परीक्षा देऊन एमटेकला जाता येतं. पीडब्ल्यूडी, जलसंपदा, महापालिका यांच्या कनिष्ठ अभियंता भरतीत सिव्हिललाच जास्त जागा असतात. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, किनारी रस्ता झाला, मेट्रो चालूच आहेत. या शहरात पुढची काही वर्षं तरी काम कमी पडेल असं मला दिसत नाही.

तुमच्या मुलीचं गोणपाटाचं वाचून मला भरून आलं. कोणी न सांगता क्युरिंगकडे, म्हणजे कॉंक्रीट ओलं ठेवण्याकडे, लक्ष गेलेली मुलगी मी इंटर्नमध्येसुद्धा क्वचित पाहिली आहे.

प्रतिसाद ३ — दोन मुलांचा बाप

रात्री यादी बदलली ते चुकलंच, त्याबद्दल दुमत नाही. पण डिप्लोमावाला बाप सिव्हिल नको म्हणतो तेव्हा त्याने काहीतरी पाहिलेलं असणार. काय पाहिलंय? आणि ते मुलीला माहीत आहे का?

भांडुपची आई

सर, साइटवाली ताई, मनापासून आभार. दोघांचं लिहिलेलं नवऱ्याला वाचायला दिलंय. फी माफीचं पान तो दोनदा वाचत बसला होता.

'दोन मुलांचा बाप' यांच्या प्रश्नाने मी थांबले. हो, पाहिलंय. लेक दोन वर्षांची असताना तो एका बिल्डरकडे साइट सुपरवायझर होता. त्या माणसाने सात महिने पगार दिला नाही. आज देतो, उद्या देतो. माझं मंगळसूत्र गहाण होतं, दूध अर्धा लिटरवर आणलं होतं. नवरा तरी रोज सकाळी सातला साइटवर जायचा. शेवटी तो पैसा बुडालाच. त्यानंतर त्याने ते क्षेत्र सोडलं आणि गोदामात नोकरी धरली, ती आजपर्यंत.

लेकीला यातलं काहीच माहीत नाही. आम्ही ठरवून सांगितलं नाही असं नाही, पण तो विषय घरात कधी निघालाच नाही. तिला वाटतं, बाबाला डिप्लोमा करून काही जमलं नाही म्हणून तो तिला अडवतोय. हे ती माझ्याशी बोललीसुद्धा आहे, आणि मी तेव्हा गप्प बसले.

दोन मुलांचा बाप

ताई, मग हे तुम्ही सांगू नका. त्यांनाच सांगू द्या. आणि त्या वेळी लॅपटॉप बंद ठेवा.

साइटवाली

अगदी. त्यांना एवढंच सांगा की डिप्लोमा करून छोट्या बिल्डरकडे लागणं आणि व्हीजेटीआयमधून बीटेक करून निघणं यात फार अंतर आहे. त्यांची भीती खरी आहे, पण ती त्या बिल्डरची आहे. मुलीला हवं तर माझ्या ऑफिसात एक दिवस घेऊन या, ड्रॉइंग दाखवते. संपर्कातून निरोप पाठवा.

भांडुपची आई — काय झालं ते

उशीर झाला, पण सांगायला हवं.

परवा रात्री जेवणं झाल्यावर नवरा तिच्या खोलीत गेला. आधी पासवर्डबद्दल माफी मागितली. मग ते सात महिने सांगितले. मंगळसूत्राचंही सांगितलं, जे मला वाटलं नव्हतं तो सांगेल. मी दाराशी उभी होते. लेक ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एकच विचारलं, "बाबा, पगार देत नव्हते तर तू साइट सोडली का नाहीस?"

तो म्हणाला, "चौथ्या मजल्याचे कॉलम उभे राहिले होते गं. सळया उघड्या टाकून कसं जाणार?"

मग ती त्याला कॉलमच्या सळयांबद्दल काहीतरी विचारायला लागली आणि दोघं रात्री एक वाजेपर्यंत बोलत होते. मला त्यातलं अर्धंच कळलं.

सगळं गोड झालंय असं नाही. तो अजूनही म्हणतो की त्याला भीती वाटते, आणि तिने त्याला वचन दिलंय की तिसऱ्या वर्षापर्यंत प्रोग्रॅमिंगचं काहीतरी सोबत शिकेन. ते तिने मनापासून दिलं की त्याला बरं वाटावं म्हणून, मला माहीत नाही. पण काल यादी तिने लावली आणि चॉइस कोड एकेक करून त्याने माहितीपत्रकातून तपासले. व्हीजेटीआय सिव्हिल एक नंबरवर, वर कुठलाही खोटा पर्याय नाही. कन्फर्मचं बटण तिने दाबलं. प्रिंट फाइलला लावलीय.

पुण्याच्या विद्यापीठाला नको म्हणून कळवलं. पैसे भरले नाहीत. फोन अजून येतात, आता नवरा स्वतः उचलून नाही म्हणतो. काल रात्री त्यानेच मला सांगितलं की भांडुपहून माटुंगा स्लो लोकलने सरळ आहे, गाडी बदलायची गरज नाही.

साइटवाली ताई, निरोप पाठवलाय. शनिवारी दोघं आले तर चालेल का? तोही यायचं म्हणतो.

आणि सर, एक शेवटचं. नॉन-क्रीमी लेयर ३१ मार्चपर्यंत वैध हवं म्हणतात. आमच्या प्रमाणपत्रावर तीन आर्थिक वर्षं लिहिली आहेत आणि खाली वैधतेची तारीख आहे, पण शिक्का नेमका त्या तारखेवर आलाय आणि साल नीट वाचता येत नाही. स्क्रूटिनीत ते मान्य झालंय. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात अडवतील का, की आत्ताच दुसरी प्रत काढून ठेवू?