मदत हवी आहे: नायट्यावर लावलेलं स्टेरॉइडचं मिश्र मलम

आईच्या कमरेला, परकराची नाडी बसते तिथे, नायटा उठलाय. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेल्या मलमात क्लोबेटासोल (स्टेरॉइड), जेंटामायसिन (जिवाणूंवरचं औषध) आणि मायकोनाझोल (बुरशीवरचं औषध) तिन्ही आहेत. खाज लगेच थांबली, पण आता कडा पसरतायत आणि कातडी पातळ, चकचकीत दिसतेय. क्लोबेटासोल फार तीव्र स्टेरॉइड. लाली दाबतं आणि नायटा ज्या बुरशीमुळे होतो तिला रान मोकळं करून देतं. २०१८ मध्ये केंद्राने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी सर्रास मिळतात, याची चीड येते.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ सोमवारची आहे. तोवर काय करावं? एकदम बंद केल्यावर कुणाची आग, लाली वाढली होती का? आणि कातडी खरवडून बुरशीची तपासणी करायची तर मलम आधी थांबवावं लागतं का? आईला मधुमेहही आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.