‘फेसलिफ्ट’ची दुसरी बाजू खरंच भरतीची आहे?

खर्जातला: ‘अ‍ॅलिस इन चेन्स’ हा अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा रॉक बँड ऐकायचा तर थेट १९९२ च्या ‘डर्ट’ अल्बमपासून सुरुवात करा, ऑगस्ट १९९० चा ‘फेसलिफ्ट’ म्हणजे पहिल्या बाजूला सहा गाणी आणि दुसऱ्या बाजूला सहा भरतीची, असं एका मित्राने सुनावलं. मला हे अजिबात मान्य नाही. पहिल्याच अल्बममध्ये एवढा जड आवाज सिअ‍ॅटलच्या फार थोड्या बँडना साधला. ‘लव्ह, हेट, लव्ह’ रात्री हेडफोन लावून ऐका. सहा मिनिटांहून मोठं गाणं, लय जवळपास रांगती. लेन स्टेली सुरुवातीला पुटपुटल्यासारखा गातो, मग वरच्या पट्टीत जाऊन आवाज असा लावतो की पोटात कालवतं. डिसेंबर १९९० चं सिअ‍ॅटलच्या मूर थिएटरमधलं चित्रीकरण बघा, म्हणजे स्टुडिओची करामत म्हणायची सोय उरणार नाही.

तिसरी तार: तुमचं उदाहरण पहिल्या सहातलंच आहे, दादा! त्यावर वाद कुणाचाच नाही. ‘पुट यू डाउन’ आणि ‘आय नो समथिन’ ऐकून सांगा. हा बँड आधी ग्लॅम, म्हणजे भडक कपडे-केशभूषेतलं चकचकीत मेटल, वाजवायचा, त्या दिवसांचा रंग या दोन गाण्यांवर अजून आहे. आणि मुख्य म्हणजे स्टेली आणि गिटारवाला जेरी कँट्रेल यांचे एकमेकांना चिकटून चालणारे दोन आवाज, या बँडची खरी ओळख, ते इथे अजून पुरते जुळलेले नाहीत. ‘डर्ट’मध्ये जुळले.

ठेकेदार: मी ड्रम वाजवतो, म्हणून ड्रमवरच बोलतो. रेकॉर्डिंगच्या सुमारास शॉन किनीचा हात मोडला होता. बर्फाची बादली शेजारी ठेवून तो वाजवत होता. हे कळल्यावर ‘इट एन्ट लाइक दॅट’ पुन्हा ऐकलं. गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, ओढत नेणारा, तरी ठेका कुठेही ढिला पडत नाही. हे गाणं दुसऱ्याच बाजूचं आहे, तिसरी तार.

ओली वाळू: मला तर हा ग्रंज, म्हणजे सिअ‍ॅटलचा तो खरखरीत रॉक, वाटतच नाही. सरळ हेवी मेटल आहे. १९९१ मध्ये हेच लोक स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स या मेटल बँडबरोबर दौऱ्यावर होते.

खर्जातला: दौऱ्यावर होते, पण स्लेयरच्या चाहत्यांनी त्यांच्यावर हाताला लागेल ते फेकलं, हेही सांगा की! मेटलवाल्यांनी त्यांना आपलं मानलं नव्हतं. आणि यातलं ‘मॅन इन द बॉक्स’ एमटीव्हीवर चालल्यावर सप्टेंबर १९९१ मध्ये या अल्बमला गोल्ड (अमेरिकेत पाच लाख प्रतींचा मान) मिळालं, निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ दुकानात यायच्या काही दिवस आधी. सिअ‍ॅटलच्या लाटेचं सगळं श्रेय एकाच बँडला जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरी तार: श्रेयाचं पटलं. ठेकेदारांचं गाणंही मान्य, तिथे माझं चुकलं. पण विक्रीने गाण्याचा दर्जा ठरत नाही. भरती ती भरतीच.

खर्जातला: शेवटचं ‘रिअल थिंग’ ऐका. त्यात व्यसनमुक्ती केंद्राचा उल्लेख आहे, दोन वर्षांनंतरच्या ‘डर्ट’चा विषय इथेच डोकावतोय. स्टेली २००२ मध्ये गेला, त्यामुळे आता ते ऐकवत नाही. ‘पुट यू डाउन’ तुम्हाला दिलं. ‘कन्फ्यूजन’ आणि हे मात्र देणार नाही.