मेकॅनिकलवाल्यांनो, हवामानाकडेही बघा

मेकॅनिकलमध्ये एम.टेक. झाल्यावर हवामानाच्या मॉडेलिंगमध्ये पीएच.डी. जमेल का, असं वर विचारलंय. बिनधास्त करा. सीएफडीत, म्हणजे प्रवाहांच्या संगणकी गणितात, घासलेली नेव्हियर-स्टोक्सची (हवा-पाणी कसं वाहतं ते सांगणारी) समीकरणंच तिथे आहेत. भर एवढीच की पृथ्वी फिरते आणि वाफेचं पाणी होतं. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे. तिथलं हवामान अंदाजाचं मॉडेल म्हणजे भारत फोरकास्टिंग सिस्टिम. ते पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतं, ती जाळी साधारण 6 किमीची. त्याहून लहान ढग मॉडेलला दिसतच नाहीत, त्यांचा परिणाम अंदाजी सूत्रांनी आत घालावा लागतो. घोडं तिथंच अडलंय, म्हणून कामही तिथंच. जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणारी फेलोशिप, 2023 पासून दरमहा 37,000 रुपये, वर घरभाडं. रासायनिक प्रक्रियांची आवड असेल तर जवळच एनसीएल ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा. आणि फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेला नाक मुरडू नका, बराच कोड अजून त्यातच आहे.