मदत हवी आहे : ज्येष्ठ-कनिष्ठ वेतन तफावत, सोलापूर

सोलापुरात महापालिका लिपिकांची सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती तपासायची आहे. १ जानेवारी २०१६ चे, म्हणजे जुन्या सहाव्या आयोगातले, वेतन बँडमधले वेतन ७,५६० आणि ग्रेड पे (पदाच्या दर्जानुसार त्यावर मिळणारी ठरावीक रक्कम) १,९०० असेल तर बेरीज ९,४६०. गुणिले २.५७ (नव्या वेतनासाठी ठरलेला गुणक) म्हणजे २४,३१२. एस-६ या नव्या वेतनस्तरातला लगतचा वरचा टप्पा २४,५००, तेच मूळ वेतन. बेरजेत ग्रेड पे धरायचा राहिला की माणूस थेट १९,९०० वर येतो. दरमहा ४,६०० गेले, शिवाय त्यावरचा महागाई भत्ता आणि घरभाडे! सेवापुस्तकातली ही एक ओळ फार जपून बघावी लागते.

खरी अडचण पुढे आहे. ज्येष्ठाची पदोन्नती २०१६ आधीची, कनिष्ठाची नंतरची, आणि मूळ वेतन कनिष्ठाचेच जास्त. दोघांचा संवर्ग, वेतनश्रेणी एकच आहे. ज्येष्ठाचे वेतन कनिष्ठाइतके उंचावल्यावर पुढची वेतनवाढ कोणत्या तारखेला धरता? वेतन उंचावण्याच्या प्रस्तावाला दोघांचा तुलनात्मक तक्ता कसा जोडता? कुणाकडे नमुना असेल तर कृपया टाका.